शिवारफेरी

गावाची हद्द कोणती, हे सांगण्यास तलाठ्याचे दप्तर पुरेसे असते. मौज्याचा नकाशा उलगडला की चतुःसीमा, गट क्रमांक, गावठाण, गायरान, पोटखराबा आणि ओढ्याचे पात्र यांची चोख मांडणी समोर येते. आणि ज्या सरकारास सारा वसूल करण्यापलीकडे जमिनीशी फारसे कर्तव्य नव्हते, त्यास याहून अधिक माहितीची निकड कधी भासली नाही. परंतु ज्या पर्जन्यावर तो सारा अवलंबून, त्या पर्जन्याने ही हद्द कधीच मान्य केलेली नाही. डोंगराच्या धारेवर कोसळणाऱ्या एकाच सरीचे अर्धे पाणी अलीकडच्या ओढ्यास मिळते आणि अर्धे पलीकडच्या तालुक्यात उतरते. एका गावाच्या गायरानात पडलेला पाऊस दुसऱ्या गावाच्या विहिरीत वर येतो. आणि नकाशावर ज्या ओढ्याची रेघ दोन मौज्यांची शीव म्हणून ओढलेली असते, त्याच ओढ्याच्या दोन्ही काठांचे नफानुकसान एकमेकांत कायमचे गुंतलेले असते.

जेवढ्या भूभागावरील पावसाचे पाणी एकाच वाटेने बाहेर पडते तेवढा भूभाग म्हणजे एक पाणलोट क्षेत्र. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने भूजलाच्या गणतीसाठी अवघ्या महाराष्ट्राचे असे सुमारे पंधराशे पाणलोट पाडले आहेत. परंतु त्यांतील एकेकाचा विस्तार सरासरीने दोनशे चौरस किलोमीटरांच्या घरात जात असल्यामुळे ते कचेरीतील हिशेबास सोयीचे असले तरी माणसाच्या पायांस सोयीचे नाहीत. गावकऱ्यांच्या उपयोगाचा पाणलोट पाचशे-हजार हेक्टरांचा, म्हणजे सकाळी न्याहारी करून माथ्यावर चढलेल्या माणसाने दिवस मावळण्याच्या आत पायथ्याशी यावे, एवढाच असतो. अशा पाणलोटातून, वरून खाली, वाटेत थांबत, विचारत आणि प्रसंगी भांडत केलेल्या चालीस शिवारफेरी म्हणतात. बांधबंधाऱ्यांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. या प्रकरणात मी या चालण्याविषयी अधिक लिहिणार आहे, कारण बंधारा सरकारी पैशातून उभा राहू शकतो, परंतु तो कोणासाठी आणि तो कोणी राखावयाचा, याचा निवाडा झालाच तर अशा फेरीत होतो, कचेरीत होत नाही.

प्रथम जमिनीच्या पोटातील रचना थोडी समजून घेतली पाहिजे, कारण पुढील न्याय-अन्यायाचे मूळ तिच्यात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत जाऊन जो काळा पाषाण निर्माण झाला, तो आज महाराष्ट्राच्या चार पंचमांशांहून अधिक भूभागाखाली आहे. गंगेच्या खोऱ्यातील गाळात पाणी जसे खोलवर आणि विपुल साठते तसे येथे साठत नाही. येथे ते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांमधील सांध्यांत काय सामावेल तेवढेच, आणि ही जागा खडकाच्या एकूण आकारमानाच्या शेकडा एक ते तीन भागांइतकीच असते. त्यामुळे आमच्या विहिरी चांगल्या पावसाळ्यात लवकर भरतात आणि उपसा वाढला की तितक्याच लवकर रित्या होतात. मागील सालाची शिल्लक पुढील सालास पुरेल असा भरवसा येथे धरता येत नाही. याचा दुसरा अर्थ असा की, येथील पाण्याचा जमाखर्च दर सालचा दर सालीच मांडावा लागतो आणि गावातील माणसांना तो मांडता येण्याजोगा असतो. अथांग साठ्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. मोजक्या साठ्याचा ठेवावाच लागतो.

पाणी अडवावे आणि ते जमिनीत मुरवावे, हा विचार आमच्याकडे नवा नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सरकारला असे सुचविले होते की, पलटणीतील आणि पोलीस खात्यातील माणसांच्या हातून लहान लहान बंधारे बांधून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतांतून मुरत जाऊन मग ओढ्यानाल्यांस मिळेल. सरकारने या सूचनेची दखल घेतली नाही, आणि घेतली तेव्हा साठ वर्षे उलटून गेली होती. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियमाखाली सोलापूर, विजापूर, नगर या अवर्षणप्रवण जिल्ह्यांत समपातळी बांधांची मोठी कामे निघाली. शास्त्र बिनचूक होते. परंतु समपातळीची रेषा खातेदाराच्या हद्दीची पर्वा न करता एकाच्या शेतातून तिरकी जाऊन दुसऱ्याच्या शेतात शिरे, तिच्यामुळे औताला वळण घेणे अवघड होई, कोणाच्या पदरी निष्कारण एक त्रिकोणी तुकडा येई. आणि मग अंमलदाराची पाठ वळताच रयत रात्रीतून तो बांध फोडून टाकी. या बांधफोडीस अडाणीपणा म्हणण्याची तेव्हा रीत होती. मला तीत अडाणीपणा दिसत नाही. ज्याच्या शेतातून बांध जावयाचा त्यास कोणीच विचारले नव्हते, एवढेच त्यात दिसते. पुढे १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांतून गावोगावी पाझर तलाव आणि नालाबांध झाले, लक्षावधी माणसे त्यांवर जगली, आणि त्या उपकाराचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु हजेरीपत्रक मिटले, मुकादम निघून गेला, आणि तलावात गाळ साचू लागल्यावर तो कोणी काढावा हे सांगणारे कोणी उरले नाही.

राखणदारीची जुनी रीत आमच्या मुलखात नव्हती असेही नाही. धुळे-नाशिककडील पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांवरील बंधाऱ्यांच्या लाभक्षेत्रात काही शतके चालत आलेल्या फड पद्धतीत शिवाराचे फड पाडून एकेका फडात सर्वांनी मिळून एकच पीक घ्यावयाचे असा शिरस्ता असे. पाणी देणे हे पाटकऱ्याचे काम, पिकाची राखण जागल्याचे, आणि या सर्वांवर देखरेख हवालदाराची. शेतकऱ्याने आपल्या हाताने पाटाचे दार उघडावयाचे नाही, आणि वर्षातून एकदा पाट साफ करण्यास मात्र सर्वांनी जावयाचे. नियम थोडे, परंतु प्रत्येक नियमामागे त्यास जबाबदार असा एक इसम, हे या व्यवस्थेचे मर्म होते.

हेच मर्म नव्या परिस्थितीत पुन्हा शोधण्याचा पहिला मोठा प्रयत्न पुरंदर तालुक्यात झाला. पुण्यात कारखाना चालविणारे अभियंते विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांची अवस्था पाहिली आणि १९७४ च्या सुमारास नायगाव येथे देवस्थानची चाळीस एकर माळजमीन खंडाने घेऊन तीवर पाणी अडविण्याचे प्रयोग आरंभिले. त्यातून जी पाणीपंचायत उभी राहिली तिचे नियम आजही वाचणाऱ्यास चकित करतात: पाण्याचा हक्क जमिनीच्या क्षेत्रावर न ठरविता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरवावयाचा, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबास फार तर अडीच एकर भिजेल एवढेच पाणी द्यावयाचे, उसास पाणी नाही, जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाणी विकले जाणार नाही, आणि ज्यास जमीनच नाही त्याचाही पाण्यात हिस्सा राहील. ज्या राज्यात पाण्याचा हक्क आणि सातबाऱ्याचा उतारा यांची फारकत कोणाच्या स्वप्नातही नव्हती, त्या राज्यात चार खेड्यांतील शेतकऱ्यांनी ही फारकत मान्य करावी, ही गोष्ट मला अनेक धरणांहून मोठी वाटते. ती सर्वत्र पसरली नाही हेही खरे. उसाची गोडी तिच्या आड आली.

यानंतर राळेगणसिद्धी या गावाचे पाणलोटाचे काम प्रसिद्धीस आले, आणि १९८९ च्या सुमारास हर्मन बाखर या स्विस जेझुइट धर्मगुरूंच्या पुढाकाराने, नाबार्डच्या साह्याने, महाराष्ट्रात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. या कार्यक्रमातील एका रीतीकडे वाचकाचे लक्ष वेधावेसे वाटते. कामाचा आराखडा कचेरीत न आखता प्रत्येक गटात जाऊन, त्या शेताच्या धन्यास आणि धनिणीस समोर उभे करून, ‘येथे बांध घालावयाचा की फळझाड लावावयाचे की पड ठेवावयाची’ असे विचारून, होकार मिळेल तेवढेच नकाशावर उतरवावयाचे, अशी ती रीत होती. सोलापूरकडील तिरक्या बांधाचा धडा येथे शिकलेला दिसतो. त्याचप्रमाणे कामाचा क्रम माथ्यापासून पायथ्याकडे: आधी डोंगरउतारावरील सलग समतल चर आणि झाडोरा, मग शेतांची बांधबंदिस्ती, मग ओघळींतील दगडी बांध, आणि सर्वांत शेवटी खालचा मातीचा किंवा सिमेंटचा बंधारा. हा क्रम उलटा केल्यास वरची माती वाहून येऊन खालचा बंधारा दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरतो. हे इतके उघड असूनही उलट क्रमाचा मोह सुटत नाही, कारण डोंगरावरील चर कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत आणि खालच्या बंधाऱ्याशेजारी कोनशिला बसविता येते.

येथे एक अडचणीचा विषय येतो, आणि पुष्कळ यशोगाथांतून तो वगळलेला असतो. माथ्यावर चर खणले, रोपे लावली, की तेथे गुरे सोडता येत नाहीत. म्हणून चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी हे ठराव ग्रामसभेत पहिल्याने येतात. परंतु माथा वापरतो कोण? बागाईतदाराची म्हैस गोठ्यात उभी असते. डोंगरावर जातात त्या भूमिहीनाच्या शेळ्या आणि धनगराची मेंढरे, आणि मोळी आणावयास जाते तीही मजुराचीच बायको. बंदीचा भार वरच्यांवर आणि वाढलेल्या पाण्याचा लाभ पायथ्याशी विहिरी असणाऱ्यांना, अशी ही वाटणी आहे. जेथे बंदी टिकली तेथे गावाने या वाटणीची भरपाई काही ना काही प्रकारे केली: गवत विळ्याने कापून नेण्याचा हक्क ठेवला, मजुरीची कामे आधी याच घरांना दिली. दोन-तीन वर्षे राखलेल्या उतारावर कुसळी हटत जाऊन पवन्या आणि मारवेल यांसारखी सकस गवते येऊ लागतात, आणि मग कापलेल्या गवताचा भारा मोकळ्या चराईहून किफायतशीर ठरतो. ती दोन-तीन वर्षे मात्र कोणाच्या तरी चुलीवरून जावी लागतात, हे विसरून चालणार नाही.

गुरांमागे डोंगरावर जाणारी मुले ही गावातील पाणलोटाची सर्वांत जाणती मंडळी होत. कोणत्या घळीत मार्गशीर्षापर्यंत पाणी टिकते, कोठल्या कातळावर पहिल्या पावसात लोंढा येतो, कोणत्या झाडाखाली माती दिसू लागली आहे, हे त्यांना पाठ असते. आणि याच मुलांची नावे शाळेच्या पटावर गैरहजर म्हणून लागतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम करताना ही विसंगती ओळखली आणि मुले शाळेत येत नसतील तर शाळेनेच त्यांच्या गुरांमागे जावे, असा सरळ मार्ग काढून कुरणशाळा चालविल्या. उघड्यावरचे शिक्षण या विषयाचा आज मोठा बोलबाला आहे. परदेशातील उदाहरणे मोठ्या कौतुकाने सांगितली जातात. परंतु कुरणातच फळा मांडण्याचा हा प्रयोग आपल्या घरचा आहे, आणि पाणलोटाच्या कामास त्याचा जितका उपयोग व्हावयास हवा होता तितका अद्यापि झालेला नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्णयानंतर पर्यावरण हा विषय शाळांत यथावकाश आवश्यक झाला, आणि आवश्यक झालेल्या प्रत्येक विषयाचे जे होते तेच त्याचे झाले. तयार प्रकल्पवह्या दुकानांत मिळू लागल्या. मुलांनी त्यांवर नाव घातले, गुरुजींनी शेरा मारला. प्राथमिक वर्गांत ‘परिसर अभ्यास’ या नावाचे पुस्तक शिकविले जाते आणि ते शिकविताना परिसरात पाऊल टाकण्याची सक्ती नाही, यातील विनोद अभ्यासक्रम आखणाऱ्यांच्या ध्यानी आला असेल असे वाटत नाही.

याउलट ज्या शाळा शिवारफेरी करतात तेथे काय चालते ते थोडे जवळून पाहू. साहित्य अगदी अल्प लागते. सरळ उभ्या बाजूंचे आणि सपाट तळाचे कोणतेही भांडे उघड्यावर ठेवले की पर्जन्यमापक झाला. तोंड आणि तळ सारख्याच रुंदीचे असल्यामुळे भांडे लहान असो वा मोठे, पाण्याची उंची पट्टीने मोजली की तितके मिलिमीटर पाऊस. रोज सकाळी साडेआठ वाजता, वेधशाळेच्याच वेळेस, एक मूल ती उंची वहीत टिपते. मग गणिताच्या तासाला गुरुजी विचारतात की, एक हेक्टर रानात एक मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी किती? उत्तर दहा हजार लिटर, म्हणजे उन्हाळ्यात गावात येणारा साधारण एक टँकर. गावाचे शिवार आठशे हेक्टरांचे आणि वर्षाचा पाऊस चारशे मिलिमीटर धरला, तर तीन लाख वीस हजार टँकर पाणी गावावर आकाशातून पडले. आणि तरी एप्रिलमध्ये हंड्यांची रांग लागते. ते गेले कोठे, हा पुढचा प्रश्न मुले आपण होऊन विचारतात, आणि तो विचारला गेल्यावाचून डोंगर चढण्यात अर्थ नाही, असे मला वाटते.

डोंगरावर जाताना मुलांच्या खांद्यावर दोन सारख्या लांबीच्या काठ्या वरच्या टोकांशी बांधून, मध्ये आडवी पट्टी ठोकून केलेली ए-फ्रेम असते. शेंड्यापासून दोरीला दगड लोंबतो. हिची पारख करण्याची रीत मोठी सुंदर आहे. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून दोरी आडव्या पट्टीवर जेथे येईल तेथे खूण करावयाची; मग पायांच्या जागांची अदलाबदल करून दुसरी खूण करावयाची; या दोन खुणांचा मध्य ही समपातळीची खूण. मूळ जमीन सपाट असण्याचीही आवश्यकता नाही. मग एक पाय स्थिर ठेवून दुसरा वरखाली सरकवीत दोरी मध्यावर आणावयाची, तेथे चुन्याची फकी टाकावयाची आणि पुढे सरकावयाचे. शे-दीडशे पावले असे गेल्यावर मागे वळून पाहिले की डोंगराच्या कुशीवर जी वळणदार पांढरी रेघ दिसते, ती एरवी कोणाला दिसली नसती. ज्या मुलाने ती आखली त्यास समपातळी रेषेची व्याख्या पाठ करावी लागत नाही, आणि चर खणताना रेघ सोडून सरळ खणणाऱ्या बापास ते बेधडक टोकते.

खाली उतरल्यावर विहिरीचे माप. कठड्यावर रंगाने केलेल्या ठरावीक खुणेपासून मोजपट्टी खाली सोडावयाची. तिच्या शेवटच्या हातभर भागास खडू चोळलेला असतो, तो जेथवर भिजतो तेथवर पाणी. माप मोटार सुरू होण्यापूर्वी, पहाटेचेच घ्यावयाचे, कारण उपसा चालू असताना पातळी खोटी दिसते. भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची मापे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी चार वेळा घेते. शाळेस दरमहा घेता येतात. आठ-दहा विहिरींची वर्षभराची मापे एका तक्त्यावर उतरली की शेजारच्या दोन विहिरींच्या रेघा जोडीने उतरताना दिसतात, आणि ‘माझी विहीर, माझे पाणी’ या म्हणण्यातील फोलपणा शब्द न बोलता पुढे येतो.

ही आकडेवारी शाळेच्या भिंतीवर राहिली तर तिचे मूल्य तक्त्याच्या कागदाइतकेच. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने, पोपटराव पवार यांच्या सरपंचकीत, ती ग्रामसभेत आणली, हे त्या गावाचे वैशिष्ट्य आहे. सुमारे साडेनऊशे हेक्टरांचे हे शिवार पर्जन्यछायेत पडते. तेथे पावसाची नोंद आणि विहिरींची पातळी यांवरून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो, त्या मोजमापात शाळेतील मुलेही असतात, आणि पाऊस संपल्यावर ग्रामसभेत आधी माणसांचे व जनावरांचे पिणे बाजूस काढून उरलेल्या पाण्यावर रब्बीत काय पेरावयाचे ते ठरते. ऊस-केळीस मनाई आहे, आणि शेतीसाठी बोअर घेण्यासही. या दुसऱ्या मनाईचे मर्म खडकाची रचना जाणणाऱ्यासच कळेल: उथळ विहीर चालू सालच्या पावसावर जगते, तर दोन-तीनशे फुटांचे बोअर खालच्या भेगांतील जुने पाणी खेचून शेजाऱ्याच्या विहिरीचा तळ उघडा पाडते.

सर्वत्र असे घडलेले नाही. पाणी वाढले की तहान वाढते, हा अनुभव अनेक पाणलोटांचा आहे. ओढ्याची रुंदी-खोली यंत्राने वाढवून मुरमाचा थरच खरवडून काढण्याचे प्रकार अलीकडे झाले. जे मुरविणारे तेच काढून नेले, आणि त्यास जलसंधारण म्हटले. पावसाचे वाहते पाणी साठविण्यासाठी दिलेल्या शेततळ्यांना प्लॅस्टिकचे अस्तर लावून ती हिवाळ्यात विहिरीच्या पाण्याने भरून घेणे, म्हणजे सर्वांच्या मालकीचे भूजल वर काढून आपल्या नावावर उन्हात वाळत घालणे. तेही सर्रास चालते. २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम २०१४ पासून अमलात आहे, त्यात पाणलोट जलस्रोत समित्यांची तजवीज आहे. परंतु समितीने पाणी मोजल्यावाचून कोणता निर्णय द्यावा? मोजणारे हात गावात हवेत, आणि ते शाळेत तयार होत असतील तर त्यांना तेथून उसने घेण्यात कमीपणा नाही.

राहिला खालच्या गावाचा प्रश्न. वरच्या गावाने ओघळ न् ओघळ अडविली की ओढ्याच्या पुढील मौज्यास कमी पाणी पोहोचते, ही तक्रार खोटी नसते, आणि एका गावाची ग्रामसभा कितीही शहाणी असली तरी दुसऱ्या गावाची कैफियत तिच्यापुढे रुजू होत नाही. येथे आरंभी सांगितलेला तलाठ्याचा नकाशा पुन्हा आडवा येतो. एक साधी गोष्ट करता येईल: एकाच ओढ्यावरील दोन शाळांनी ऑक्टोबर आणि मे या दोन महिन्यांची मापे परस्परांस धाडावीत, आणि वर्षातून एकदा खालच्या गावच्या मुलांनी माथ्यावर चढून वरच्या मुलांसह समपातळीची ती पांढरी रेघ आखावी. वरच्या गावाच्या सभेत खालच्या विहिरींचे आकडे वाचू दिले जातील की नाही, हे सरपंचावर अवलंबून राहील. पहिल्या वर्षी बहुधा वाचू देणार नाहीत.